पाचवा पुत्र, पाच मुलांचा पिता



येत्या ११ फेब्रुवारीला आपण लूर्द मातेचा सण साजरा करणार आहोत. १९९३ पासून हाच दिवस जगभर आजाऱ्यांचा दिन म्हणूनही पाळला जातो. आपल्या वर्धेत मात्र या तारखेला आणखी एक आठवण जोडलेली आहे. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी दुपारी या गावातला एक धट्टाकट्टा, सतत कामात असणारा आणि माणसांच्या गर्दीत रमणारा गृहस्थ अचानक कोसळला व काही वेळातच देवाघरी गेला. वय अवघे ५२. घरी पत्नी, तीन मुली आणि दोन मुलगे. त्यांचे नाव शेठ जमनालाल बजाज.

बजाज हे नाव आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? आपल्यातील कित्येकांच्या घरी लग्नानंतर पहिली गाडी आली ती बजाजची स्कूटर. पुढे वडील, मध्ये उभे मूल, मागे आई आणि तिच्या मांडीवर धाकटे, असे सगळे कुटुंब त्या एका स्कूटरवर मिस्साला यायचे. पण ज्यांच्या नावाने हा व्यवसाय ओळखला जातो, त्या जमनालालजींनी ही स्कूटर कधी पाहिली नाही. ती त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी आली. देशभक्त व दानशूर म्हणून त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आज आम्ही त्यांच्याकडे एक पती आणि एक पिता म्हणून पाहणार आहोत. घरभेटीला गेल्यावर आपल्या धर्मग्रामातील वडीलमंडळींशी जे बोलणे होते, ते मनात ठेवूनच आम्ही हा विषय निवडला आहे.

दिलेले मूल

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ चा, राजस्थानातील सीकरजवळच्या काशी का बास या लहानशा खेड्यातला. वडील कनीराम, आई बिरदीबाई. घरची परिस्थिती साधारण. वर्धेचे श्रीमंत व्यापारी शेठ बच्छराज हे त्यांच्याच नात्यातले. त्यांचा दत्तक मुलगा तरुणपणीच वारला होता व घरात पुढची पिढी नव्हती. शेठजी व त्यांची पत्नी सदीबाई राजस्थानात आली असता अंगणात खेळणारा हा मुलगा त्यांच्या नजरेत भरला. बिरदीबाई सौजन्याने बोलून गेल्या की हा आपलाच समजा. सदीबाईंनी तो शब्द धरून ठेवला. दिलेला शब्द मागे कसा घ्यायचा? आईवडिलांनी मन घट्ट केले आणि पाचएक वर्षांचे ते मूल १८९४ साली वर्धेला आले. कनीरामांनी मुलाच्या बदल्यात स्वतःसाठी काही मागितले नाही. गावात पाण्याचे हाल होते, म्हणून शेठजींनी तिथे एक विहीर बांधून दिली.

जरा विचार करा. पाच वर्षांचे मूल एका रात्रीत आईच्या कुशीतून उठून शेकडो मैलांवरच्या परक्या घरात येते. खायला-प्यायला भरपूर, अंगावर भारी कपडे, पण हाक मारायला आई नाही. आम्हाला वाटते, जमनालालजींच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची किल्ली इथे आहे. एका बाजूने ते जन्मभर कोणाचे तरी मूल होण्यासाठी तळमळत राहिले आणि दुसऱ्या बाजूने जो समोर येईल त्याचे वडील होत गेले.

शिक्षण म्हणाल तर वर्धेच्या शाळेत मराठी चौथीपर्यंत. ते संपले ते १९०० साली. त्यानंतर पेढीवर बसून हिशेब शिकणे सुरू झाले. १९०२ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, त्यांचे लग्न झाले. वधू जावऱ्याची जानकी, तिला जेमतेम नऊ वर्षे झालेली. त्या काळी ही रीतच होती. आज आपण ती मान्य करणार नाही आणि पुढे जमनालालजींनीही ती आपल्या मुलांच्या बाबतीत चालवली नाही.

त्यांना रोज एक रुपया हातखर्चाला मिळत असे. लोकमान्य टिळकांच्या केसरीची हिंदी आवृत्ती नागपुरातून निघणार असे कळले, तेव्हा या मुलाने साठवलेले शंभर रुपये त्या कामी देऊन टाकले. पुढे त्यांनी लाखो रुपये दिले, पण त्या शंभराचा आनंद आपल्याला सर्वात मोठा वाटला, असे ते सांगत.

स्टँपपेपरवरचे पत्र

सतरा वर्षांचे असताना घरात एक प्रसंग घडला. कुठल्याशा लग्नाला जायचे होते. दागिने घालून चल, असा आजोबांचा आग्रह आणि नातवाला त्याचा तिटकारा. म्हाताऱ्या बच्छराजांचा स्वभाव तापट होता. रागाच्या भरात ते पैशावरून टोचून बोलले. जमनालालजींनी उलट उत्तर दिले नाही. त्यांनी स्टँपपेपर घेतला व शांतपणे लिहून दिले की आपल्या संपत्तीवर माझा कसलाही हक्क नाही, अंगावरच्या कपड्यांनिशी मी जात आहे आणि माझ्या मनात आपल्याबद्दल राग नाही. एवढे करून ते घराबाहेर पडले.

म्हाताऱ्याचे काळीज फाटले. माणसे धावली, मुलाची समजूत काढून त्याला परत आणले. नातू परत आला, आजोबांची सेवाही त्याने मनापासून केली. १९०७ मध्ये बच्छराज वारले आणि सगळा कारभार या तरुणावर पडला. पण एकदा सोडलेल्या संपत्तीकडे तो पुन्हा मालक म्हणून पाहू शकला नाही. वारसाने आलेल्या रकमेपेक्षा जास्त रक्कम त्यांनी पुढे दानधर्मात घातली.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार आम्ही अनेकदा घोकला होता. माणसाने मालमत्ता बाळगणे व सांभाळणे योग्य आहे, पण तिचा उपयोग करताना ती सर्वांची आहे असे समजून गरजवंताला देण्याची तयारी हवी. परीक्षेपुरते ते लिहून आम्ही मोकळे झालो होतो. वर्धेत आल्यावर कळले की मराठी चौथी शिकलेल्या एका कापसाच्या व्यापाऱ्याने तोच धडा आयुष्यभर गिरवला होता.

कष्टाचा माणूस

जमनालालजी कामाला वाघ होते. वर्ध्याचा व्यापार म्हणजे कापूस, हे आपल्याला सांगायला नको. रुईवर पाणी मारून गाठीचे वजन वाढवायचे, ही खोड तेव्हाही बाजारात होती. जमनालालजींनी आपल्या पेढीवर ती बंद केली. मुनीम-गुमास्त्यांना सुरुवातीला हा वेडेपणा वाटला. पण त्यांच्या मालावर गिऱ्हाइकाचा विश्वास बसला व त्याला चांगला भाव येऊ लागला. कोर्टकचेरीत खोटी साक्ष द्यायची नाही, हिशेबाच्या वह्या दोन ठेवायच्या नाहीत, हाही त्यांचा दंडक. १९२६ पासून बजाज उद्योगसमूहाची गणना होते. पुढे साखर कारखाना आला, पोलादाचा कारखाना आला. कारखाने वाढत गेले, पण त्यांचे स्वतःचे राहणे साधे होत गेले.

१९१५ नंतर गांधीजींशी संबंध आला आणि कामाची दिशा बदलली. पहिल्या महायुद्धाच्या काळात सरकारने दिलेली रायबहादूर ही पदवी त्यांनी १९२१ मध्ये परत केली. काँग्रेसचे खजिनदारपद वर्षानुवर्षे सांभाळले. १९२३ मध्ये नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात ते पुढे होते. शिक्षा झाली, दंड झाला, त्यांनी दंड भरला नाही. सरकारने त्यांची मोटार जप्त करून लिलावात काढली, तर बोली लावायला इकडे कोणी पुढे येईना! १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात मुंबईतील विलेपार्ल्याची छावणी त्यांनी उभारली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर जी प्रवचने दिली, ती ऐकणाऱ्या कैद्यांत जमनालालजीही होते.

वर्धेत तर त्यांच्या खुणा पावलोपावली आहेत. १९२१ मध्ये विनोबा वर्धेत आले ते त्यांच्याच आग्रहामुळे. १९३४ मध्ये गांधीजी आले, तेव्हा ग्रामोद्योगाच्या कामासाठी आपली बाग त्यांनी देऊन टाकली. तीच आजची मगनवाडी. त्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम ज्यांनी उभे केले ते डॉ. जे. सी. कुमारप्पा हे आपले ख्रिस्ती बांधव होते, हे आपल्या तरुणांना माहीत असावे म्हणून मुद्दाम सांगतो. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला राहायला गेले. त्या गावातील बरीचशी जमीन जमनालालजींचीच होती. तेच पुढे सेवाग्राम झाले.

जुलै १९२८ मध्ये त्यांनी वर्धेचे आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुले केले. आपल्या मालकीच्या विहिरीही खुल्या केल्या. देशात असे पाऊल उचलणारी मंदिरे तेव्हा बोटांवर मोजण्याइतकीही नव्हती. त्यांच्या स्वतःच्या जातीत मोठी खळबळ माजली, अनेकांनी त्यांच्याशी जेवणाखाण्याचे व्यवहार तोडले. एका श्रीमंत माणसाला भर बाजारात नुकसान सोसणे फार जड जात नसेल, पण लग्नाच्या पंगतीतून उठवले जाणे खूप लागते. त्यांनी ते सोसले आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नीनेही सोसले.

हसते घर

एवढे सगळे वाचून कोणाला वाटेल की हा माणूस सदा गंभीर, कपाळाला आठ्या घातलेला असेल. तसे मुळीच नव्हते. उंचापुरा, भारदस्त देह, मोकळे वागणे आणि माणसांची भारी हौस. बजाजवाडीत पाहुण्यांचा राबता कधी संपत नसे. काँग्रेस कार्यकारिणीच्या कितीतरी बैठका वर्धेत भरल्या. पंडित नेहरू, सरदार पटेल, राजेंद्रबाबू, मौलाना आझाद अशी मंडळी त्यांच्याकडे उतरत. सरहद्दीवरचे खान अब्दुल गफार खान व त्यांचे भाऊ १९३४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर, आपल्या प्रांतात जायला बंदी असल्याने, जमनालालजींच्याच घरी राहिले. एवढ्या माणसांची उठबस, प्रत्येकाच्या आवडीनिवडी, पथ्यपाणी, झोपायची सोय, सगळ्याकडे यजमानाचे स्वतः लक्ष असे. काम संपले की बुद्धिबळाचा किंवा पत्त्यांचा डाव पडे. लांबवर फिरायला जाणे आणि वाटेत गप्पा मारणे त्यांना फार आवडे.

त्यांचा आणखी एक लाडका उद्योग होता तो लग्ने जमवण्याचा. आश्रमातील कार्यकर्ते, देशासाठी तुरुंगात गेलेल्यांची मुले, कुठली तरी पोरकी मुलगी, अशा सर्वांसाठी ते स्थळे शोधत. कोणाचा मुलगा लग्नाचा आहे व कोणाची मुलगी किती शिकली आहे, याचा हिशेब पेढीच्या वहीइतकाच त्यांच्या डोक्यात पक्का असे. म्हणून त्यांना मंडळी गमतीने शादी-काका म्हणत. हुंडा नको, थाटमाट नको, जातीची आडकाठी नको, हे मात्र ते पाहत.

स्वतःच्या घरी त्यांनी तसेच केले. १९२६ मध्ये थोरली मुलगी कमला हिचे लग्न त्यांनी साबरमतीच्या आश्रमात, गांधीजींच्या उपस्थितीत, अगदी साधेपणाने लावले. लक्षाधीशाच्या मुलीचे लग्न, आणि ना बँड ना जेवणावळी! १९३७ मध्ये मदालसेचे लग्न वर्धेत असेच साधेपणाने झाले. आपल्या समाजात लग्नासाठी कर्ज काढणारे वडील आम्ही दर वर्षी पाहतो. त्यांच्यापैकी एखाद्याने तरी हा परिच्छेद दोनदा वाचावा, अशी आमची इच्छा आहे.

आपल्याकडे पुष्कळांना वाटते की धार्मिक माणूस हसरा नसतो. संत थॉमस यांचे मत वेगळे आहे. योग्य वेळी, योग्य मर्यादेत केलेला खेळ व विनोद यालाही त्यांनी सद्गुणात जागा दिली आहे. धनुष्याची दोरी सतत ताणून ठेवली तर धनुष्य मोडते, तसे मनाचेही होते, असा दाखला ते देतात. ज्या वडिलांना हसता येत नाही, त्यांच्या शिस्तीची मुलांना फक्त भीती वाटते. जमनालालजींच्या घरात शिस्त कडक होती, पण हसणे बंद नव्हते.

जानकीदेवी

पतीचे मोठेपण सांगताना पत्नीला विसरून चालणार नाही. जानकीदेवी लहान वयात वर्धेच्या मोठ्या घरात आल्या त्या घुंघट, दागिने आणि सोवळे-ओवळे यांच्या वातावरणातच. पतीने एक-एक गोष्ट सोडायला सांगितली. सोन्याचा मोह वाईट, असे पतीने पत्रातून कळवले आणि त्यांनी दागिने उतरवले. मग घुंघट गेला, विदेशी कपड्यांची होळी झाली, अंगावर जाडीभरडी खादी आली. शेवटी शिवाशिवही गेली. हे सारे त्यांना सोपे गेले नाही. मेरी जीवन यात्रा या आत्मकथेत त्यांनी आपली नाखुशी, आपली काटकसरीची सवय, आपल्या चुका इतक्या मोकळेपणाने सांगितल्या आहेत की वाचताना हसू येते आणि आदरही वाटतो. नवऱ्याचा हात देण्यासाठी सैल आणि बायकोचा जपण्यासाठी घट्ट, असा तो संसार होता. पण पुढे याच जानकीदेवी सभांमधून भाषणे करू लागल्या आणि तुरुंगातही गेल्या.

मुलांच्या बाबतीतही वडिलांनी सोपी वाट धरली नाही. थोरला मुलगा कमलनयन याला त्यांनी विनोबांच्या आश्रमात ठेवले. श्रीमंताच्या मुलाने तिथे इतरांप्रमाणेच सूत कातायचे, दळायचे, झाडायचे. मदालसाही विनोबांच्या हाताखाली शिकली. उमा गांधीजींच्या सहवासात वाढली. धाकटा रामकृष्ण वयाची विशी गाठण्यापूर्वीच सत्याग्रहात तुरुंगात गेला. आपण स्वतः ज्या वाटेने चाललो नाही, त्या वाटेने त्यांनी मुलांना ढकलले नाही. आधी स्वतः दागिने सोडले, मग पत्नीला सांगितले. आधी स्वतः तुरुंगात गेले, मग मुलगे गेले.

मनातील पोकळी

आतापर्यंतचे वाचून हा माणूस निर्दोष होता असे कोणी समजू नये. त्यांनी स्वतःच ते कधी समजू दिले नाही. ते वर्षानुवर्षे डायरी लिहीत आणि तिच्यात स्वतःचा हिशेब मांडत. दौरे, बैठका, तुरुंग यांमुळे घरापासून ते महिनोन्‌महिने दूर असत. त्यामुळे पाच मुलांचा भार जानकीदेवींवरच पडे. लोकांना दिसणारे आपण आणि आतले आपण यांत अंतर आहे, ही टोचणी त्यांना छळत असे. आपल्या मनातील दुबळेपणा त्यांनी पत्रांतून गांधीजींना उघडपणे कळवला. कबुलीसंस्काराची ओळख असलेल्या आपल्यासारख्यांना यातील धैर्य समजू शकेल.

१९२० च्या नागपूर काँग्रेसच्या वेळी ते स्वागताध्यक्ष होते. वय ३१. पैसा, मान, संसार सगळे होते. तेव्हा त्यांनी गांधीजींकडे एक विचित्र मागणी केली. तुमच्या चार मुलांबरोबर मला पाचवा मुलगा माना, असे त्यांनी विनवले. गांधीजी क्षणभर चकित झाले, पण त्यांनी ते मान्य केले आणि शेवटपर्यंत निभावले. पाचव्या वर्षी वडिलांच्या घरातून निघालेले मूल अशा रीतीने पुन्हा एकदा वडील मिळवून बसले. १९४१ मध्ये व्यक्तिगत सत्याग्रहातून प्रकृती बिघडल्यामुळे सुटका झाली, तेव्हा ते देहरादूनकडे आनंदमयी माँ यांच्या दर्शनाला गेले व तिथे त्यांना आईची माया मिळाली, असे ते म्हणत. पन्नाशी ओलांडलेला, देशभर नाव असलेला माणूस अजून आई शोधत होता.

बंधुभगिनींनो, आम्ही हे कुतूहल म्हणून सांगत नाही. आपल्या धर्मग्रामातील काही वडील कामासाठी नागपूर-पुण्याला किंवा आखाती देशांत राहतात. काही गावातच असतात, पण रात्री मुले झोपल्यावर घरी येतात. घरभेटीत आम्ही विचारले तर उत्तर ठरलेले असते, की हे सगळे मुलांसाठीच चालले आहे. ते खोटे नाही. परंतु पाच वर्षांच्या मुलाला भरलेले घर आणि भारी कपडे देऊनही त्याच्या मनात जी जागा रिकामी राहिली, ती पन्नास वर्षांत भरली नाही, हे जमनालालजींच्या जीवनातून दिसते. हे त्यांना स्वतःला कळत होते. म्हणूनच दूर असताना ते पत्नीला व मुलांना नेमाने पत्रे लिहीत. तब्येत, अभ्यास, वागणूक सगळ्याची विचारपूस करीत आणि तुरुंगातूनही ती पत्रे थांबली नाहीत. आपल्याकडे आज मोबाईल आहे. मुलांशी बोलायला मात्र वेळ नाही!

गोपुरीची झोपडी

अखेरच्या काही महिन्यांत त्यांनी राजकारण बाजूला ठेवले. गांधीजींच्या सल्ल्याने गोसेवेचे काम घेतले आणि वर्धेजवळ गोपुरीला साधी झोपडी बांधून ते राहू लागले. ज्याच्याकडे देशाचे पुढारी पाहुणे म्हणून उतरत, तो माणूस गाईंच्या सहवासात, गवताच्या छपराखाली शांत झोपू लागला. जे समाधान इतकी वर्षे हुलकावणी देत होते, ते आता जवळ आले आहे असे त्यांच्या भोवतालच्यांना वाटू लागले होते. फेब्रुवारी १९४२ च्या सुरुवातीला वर्धेत गोसेवेची परिषदही पार पडली.

आणि ११ तारखेला मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. सेवाग्रामहून गांधीजी धावत आले, पण तोवर सारे संपले होते. जानकीदेवींना इतका आघात झाला की पतीबरोबर चितेवर जाण्याची भाषा त्यांच्या तोंडी आली. गांधीजींनी त्यांना समजावले की देह जाळण्यापेक्षा पतीचे अपुरे काम हाती घेणे ही खरी निष्ठा आहे. त्यांनी ते मानले. आपली वैयक्तिक संपत्ती त्यांनी गोसेवेला अर्पण केली आणि पुढे ३७ वर्षे सेवा केली. विनोबांच्या भूदानाच्या काळात त्यांनी गावोगाव विहिरींसाठी दान गोळा केले. १९५६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले व १९७९ मध्ये त्यांचे निधन झाले.

जमनालालजींवर गोपुरीलाच अंत्यसंस्कार झाले. आपली मुले सहलीला गीताई मंदिर व शांतिस्तूप पाहायला जातात ती याच परिसरात. पुढच्या वेळी नेताना त्यांना एवढे जरूर सांगा की इथे एक वडील विसावले आहेत.

आपल्यासाठी

जमनालालजी ख्रिस्ती नव्हते आणि त्यांना तसे दाखवण्याची आम्हाला गरज वाटत नाही. ते आपल्या श्रद्धेने जगले. पण शुभवर्तमानातील तो श्रीमंत तरुण आपल्याला आठवत असेल, ज्याला प्रभू येशूने सगळे विकून गरिबांना द्यायला सांगितले आणि जो खिन्न होऊन परत गेला. त्या उताऱ्यावर प्रवचन करताना आम्हाला नेहमी अडचण वाटते, कारण समोर बसलेल्यांना हे अशक्य वाटते हे आम्हाला दिसत असते. आमच्या स्वतःच्या मनातही ती शंका असते. आपल्याच गावातल्या एका शेठजींनी ते पूर्णपणे नसेल, पण पुष्कळसे करून दाखवले, बायकामुलांना घेऊन, हसतखेळत करून दाखवले, हे आठवले की तोंडून शब्द जरा धीराने निघतात.

या आठवड्यात कुटुंबप्रार्थनेनंतर दहा मिनिटे बसा आणि तीन गोष्टी एकमेकांना विचारा. आपल्या धंद्यात किंवा नोकरीत रुईवर पाणी मारण्यासारखे काही चालते का? मुलांना आपण जे करायला सांगतो ते आधी स्वतः करतो का? आणि घरात सगळे मिळून पोटभर हसलो त्याला किती दिवस झाले? उत्तरे आम्हाला येऊन सांगण्याची गरज नाही. एकमेकांना खरी सांगितली तरी पुरे.

११ तारखेला सायंकाळच्या मिस्सात आजाऱ्यांसाठी प्रार्थना होईल. त्याच मिस्सात धर्मग्रामातील सर्व वडिलांसाठी, विशेषतः घरापासून दूर राबणाऱ्यांसाठी, आम्ही प्रार्थना करणार आहोत. ज्यांना वडील नाहीत किंवा असूनही मिळाले नाहीत, त्या मुलामुलींनाही जरूर घेऊन या. संत योसेफ, जो स्वतः सुतारकाम करून एका दिलेल्या मुलाचा पिता झाला, तो आपल्या सर्व घरांसाठी विनंती करो.

आपले धर्मगुरू